ऐकू येते, पण समजत नाही : अंतःकर्णावरील मेंदूचे नियंत्रण आणि आपली चिकित्सा

आपल्या चिकित्सालयात कानाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांत एक वर्ग असा असतो की ज्याचे नेमके निदान करणे अवघड जाते. रुग्ण सांगतो, "वैद्यराज, घरात बोललेले सगळे ऐकू येते; पण बाजारात, लग्नात, एसटीत बसल्यावर माणूस काय बोलतो ते उमगत नाही." कान स्वच्छ असतो, पडदा शाबूत असतो, श्रवणालेखही पुष्कळदा स्वाभाविक येतो. मग "तुम्हाला काही झालेले नाही" असे सांगून किंवा एखादे तेल लिहून देऊन आपण त्यास परत पाठवितो. बीड जिल्ह्यात असे रुग्ण विशेषेकरून जिनिंगमध्ये राबणारे, ट्रॅक्टर चालविणारे, ऊसतोडीच्या हंगामात रात्रंदिवस वाहनांच्या गोंगाटात वावरणारे, तसेच मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतींपुढे तासन्‌तास नाचणारे तरुण असतात. या तक्रारीचा अर्थ लावावयाचा तर कान आणि मेंदू यांचा परस्परसंबंध नीट समजून घ्यावा लागतो. तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कान केवळ ग्रहण करणारा नव्हे

ध्वनी बाह्यकर्णातून पडद्यावर आदळतो, मध्यकर्णातील तीन अस्थींमार्फत अंतःकर्णात पोहोचतो आणि तेथून तंत्रिकेद्वारे मेंदूकडे जातो, एवढे आपण सर्वजण पदवी अभ्यासक्रमात शिकलो आहोत. या वर्णनात वाहतूक एकाच दिशेने होते. प्रत्यक्षात ती दोन्ही दिशांनी चालते.

अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेत, म्हणजे कॉक्लिआत, दोन प्रकारच्या केशपेशी असतात. आंतर केशपेशी एका ओळीत असून त्यांची संख्या प्रत्येक कानात सुमारे ३,५०० असते. बाह्य केशपेशी साधारणतः तीन ओळींत असून त्या सुमारे १२,००० असतात. श्रवण-तंत्रिकेत सुमारे ३०,००० तंतू असतात आणि त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक तंतू संख्येने कमी असलेल्या आंतर केशपेशींकडून निघतात. तेव्हा प्रश्न असा पडतो की, मेंदूला वार्ता पोहोचविण्याचे काम आंतर केशपेशी करीत असतील, तर तिपटीहून अधिक असलेल्या बाह्य केशपेशी कशासाठी आहेत?

त्याचे उत्तर गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू मिळत गेले. १९७८ साली लंडन येथील डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिले की, निरोगी कान ध्वनी ग्रहण तर करतोच, शिवाय स्वतःही अतिशय मंद ध्वनी बाहेर टाकतो. सूक्ष्म ध्वनिग्राहक कर्णपथात ठेवून हा प्रतिसाद मोजता येतो. १९८५ मध्ये ब्राउनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्य केशपेशी विद्युत्‌प्रेरणेने लांब व आखूड होतात, हे प्रसिद्ध केले. २००० साली या हालचालीस कारणीभूत असलेले प्रथिन ओळखले गेले व त्यास प्रेस्टिन असे नाव देण्यात आले. तात्पर्य, बाह्य केशपेशी हे कानाचे ध्वनिवर्धक यंत्र आहे. मंद आवाजाचे वर्धन त्या करतात, म्हणूनच कुजबुज ऐकू येते.

आता मुख्य मुद्दा. या बाह्य केशपेशींवर जे तंतू येऊन संपतात, त्यांतील बरेचसे तंतू मेंदूकडून कानाकडे येणारे असतात. म्हणजे ध्वनिवर्धक कानात आहे, पण तो कमी-अधिक करणारी कळ मेंदूच्या हाती आहे.

मेंदूकडून येणारी वाट

मस्तिष्कस्तंभात ऑलिव्ह फळाच्या आकारावरून नाव पडलेला एक केंद्रकसमूह आहे. तेथून अंतःकर्णाकडे जाणाऱ्या अपवाही तंतूंच्या जुडग्याचे वर्णन ग्रँट रासमुसेन यांनी १९४६ साली केले. १९५६ मध्ये रॉबर्ट गॅलम्बॉस यांनी मांजरांवरील प्रयोगात या तंतूंना विद्युत्‌प्रेरणा दिली, तेव्हा श्रवण-तंत्रिकेचा प्रतिसाद दबला. १९७९ साली वॉर आणि गायनन यांनी या तंतूंचे दोन गट स्पष्ट केले. मध्य गट बाह्य केशपेशींवर काम करतो. पार्श्व गट आंतर केशपेशींखालील श्रवणतंतूंच्या टोकांवर काम करतो. ध्वनिवर्धनावर नियंत्रण ठेवणारा तो मध्य गट होय.

या नियंत्रणाची क्रिया थोडक्यात अशी. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन स्रवते. ते बाह्य केशपेशीवरील विशिष्ट ग्राहीस्थानाला चिकटते व कॅल्शियम आत शिरते. त्या कॅल्शियममुळे पोटॅशियमच्या वाटा उघडतात, पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशीची उत्तेजना कमी होते. परिणामी तिची हालचाल मंदावते व ध्वनिवर्धन घटते. ही क्रिया सुमारे दशांश सेकंदात उभी राहते. याखेरीज काही सेकंदांपासून मिनिटापर्यंत टिकणारा दुसरा, संथ परिणामही आढळतो.

एका कानात गोंगाट सोडला तर दुसऱ्या कानाचे वर्धनही कमी होते, कारण या तंतूंचा संबंध दोन्ही बाजूंशी आहे. फ्रान्समधील कोले व सहकाऱ्यांनी १९९० साली मनुष्यात हा परिणाम मोजला. केम्प यांनी दाखविलेला कानाचा मंद ध्वनी विरुद्ध कानात गोंगाट सोडताच किंचित घटतो. ही घट साधारण एक-दोन डेसिबल एवढीच असते, तथापि ती वेदनारहित पद्धतीने मोजता येते. म्हणून या प्रणालीच्या अभ्यासाचे ते मुख्य साधन ठरले आहे.

आवर घातल्याने ऐकणे सुधारते कसे?

वर्धन कमी केल्यास ऐकणे बिघडावयास हवे, असे प्रथमदर्शनी वाटते. शांत खोलीत ते खरेही आहे. गोंगाटात मात्र चित्र पालटते. सतत चालणारा गोंगाट श्रवणतंतूंना अखंड उत्तेजित ठेवतो. असे थकलेले तंतू मधूनच येणाऱ्या एखाद्या शब्दाला भरीव प्रतिसाद देऊ शकत नाहीत. मेंदूने वर्धन किंचित कमी केले की अखंड गोंगाटाचा भार उतरतो, तंतू ताजेतवाने राहतात आणि अचानक येणारा शब्द उठून दिसतो. जिनिंगच्या खडखडाटात मुकादमाची हाक वेगळी ऐकू येते, त्यामागे ही व्यवस्था असते.

भारतातही या विषयावर काम झाले आहे. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेतील अजितकुमार व वनजा या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वाभाविक श्रवणशक्तीची मुले निवडली होती. एका कानाने सौम्य गोंगाटातील शब्द ऐकत असताना दुसऱ्या कानात ध्वनी सोडला, तर शब्द ओळखण्याची क्षमता वाढली. ज्यांच्यात अपवाही प्रणालीचा प्रतिसाद अधिक होता, त्यांच्यात ही वाढही अधिक दिसली.

दुसरी बाजूही वाचकांपुढे ठेवणे आवश्यक आहे. हे अपवाही तंतू काही अंतर तोल सांभाळणाऱ्या तंत्रिकेसोबत प्रवास करतात. त्यामुळे असह्य भोवळीसाठी जेव्हा ती तंत्रिका शस्त्रकर्माने छेदली जाते, तेव्हा हे तंतूही तुटतात. अशा रुग्णांचे शांत वातावरणातील ऐकणे फारसे बदलत नाही. गोंगाटातील ऐकण्याविषयी मात्र निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. गोंगाटात समजणे हे केवळ या एका प्रणालीवर अवलंबून नसून श्रवणतंतूंची संख्या, वय, स्मरण आणि भाषेचा परिचय यांचाही त्यात वाटा असतो.

अवधानाचा प्रश्न

चिली देशातील डेलानो व सहकाऱ्यांनी २००७ साली चिंचिला नावाच्या लहान प्राण्यांवर केलेला प्रयोग आम्हास महत्त्वाचा वाटतो. प्राण्याचे लक्ष डोळ्यांसमोरील दृश्यावर केंद्रित झालेले असताना त्याच्या श्रवण-तंत्रिकेचा ध्वनीला मिळणारा प्रतिसाद कमी झाला. म्हणजे अवधानाचा परिणाम मेंदूतच न राहता थेट कानापर्यंत उतरतो.

वैद्यांना येथे चरकसंहितेच्या शारीरस्थानातील मनाच्या कर्मांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्यात इंद्रियांचे नियमन हे मनाचे पहिले कर्म सांगितले आहे. इंद्रिय शाबूत आहे, विषय समोर आहे, तरीही मनाच्या सान्निध्याशिवाय ज्ञान होत नाही, हा सिद्धांत आपण विद्यार्थिदशेपासून मांडतो. वाग्भटांनी प्राणवायूच्या कार्यांत बुद्धी, हृदय, चित्त यांच्याबरोबर इंद्रियांचे धारण सांगितले आहे. मात्र यावरून आचार्यांना ऑलिव्हरी तंतू ठाऊक होते, असा दावा करणे योग्य नव्हे. आचार्यांनी निरीक्षणाने एक तत्त्व मांडले. आधुनिक शास्त्राने त्या तत्त्वाचा एक शारीर मार्ग प्रयोगाने दाखविला. दोहोंचा मान राखावयाचा असेल तर त्यांची सरमिसळ टाळली पाहिजे.

या मार्गावर अभ्यासाने परिणाम होतो, असेही दिसते. २००८ साली द बोअर व थॉर्नटन यांनी गोंगाटातील उच्चार ओळखण्याचा काही दिवसांचा सराव दिला. ज्यांची प्रगती झाली त्यांच्यात अपवाही प्रणालीचा प्रतिसादही वाढला. वाढत्या वयात ही प्रणाली क्षीण होते. म्हणून साठीच्या गृहस्थास श्रवणालेख बरा असूनही देवळातील कीर्तन गर्दीत समजत नाही.

अतियोग : आपल्या जिल्ह्याचा प्रश्न

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात इंद्रियार्थांचे अतियोग, अयोग व मिथ्यायोग सांगताना मेघगर्जना, नगारे, आरडाओरडा यांचे अतिश्रवण हा शब्दाचा अतियोग मानला आहे. आज या विधानाला पेशीपातळीवरील पुरावा मिळाला आहे.

२००९ साली कुजावा व लिबरमन यांनी उंदरांवरील प्रयोगात दाखविले की, तीव्र ध्वनीने आलेला तात्पुरता बहिरेपणा काही दिवसांत पूर्ण भरून निघाला, केशपेशीही शाबूत राहिल्या, तरी आंतर केशपेशी व श्रवणतंतू यांमधील जोडण्यांपैकी पुष्कळशा कायमच्या नष्ट झाल्या होत्या. म्हणजे श्रवणालेख स्वाभाविक, पण आतली हानी कायम. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या रुग्णाच्या तक्रारीचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे.

अपवाही प्रणालीचे संरक्षक कार्य येथेच दिसते. २००० साली मेसन व लिबरमन यांना गिनीपिगमध्ये असे आढळले की, ज्यांचा अपवाही प्रतिसाद मुळात प्रबळ होता त्यांच्या कानांची हानी कमी झाली. २०१३ च्या अभ्यासात उंदरांचे हे तंतू छेदून त्यांना ८४ डेसिबलच्या मध्यम गोंगाटात आठवडाभर ठेवले, तेव्हा त्यांच्या श्रवणजोडण्यांची हानी शाबूत तंतू असलेल्या कानांपेक्षा पुष्कळ अधिक झाली. मेंदूचा आवर हा असा ढालीसारखा काम करतो.

परंतु ढालीला मर्यादा असतात. सुतळी बॉम्बसारखा स्फोट क्षणार्धात होतो आणि मेंदूचा आदेश पोहोचण्यापूर्वीच हानी होऊन जाते. शंभर डेसिबलच्या पुढील आवाजात ही ढाल पुरी पडत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने ८५ डेसिबल हा आठ तासांचा कमाल भार मानला असून प्रत्येक तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मी करावयास सांगितली आहे. या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा प्रचलित आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर रुग्णालये, शाळा व न्यायालये यांभोवतालच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. मिरवणुकीतील भिंतींपुढे उभ्या असलेल्या तरुणाच्या कानावर किती पट भार पडतो, याचा विचार प्रत्येकाने करावा.

औषधी दुकानदार बंधूंसाठी

काही औषधे या नाजूक यंत्रणेवर थेट आघात करतात. पुढील बाबी दुकानात लक्षात ठेवाव्यात.

१) जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही औषधे केशपेशी कायमच्या नष्ट करू शकतात. प्राण्यांवरील प्रयोगांत जेंटामायसिनने अपवाही प्रणालीचा आवरही तात्पुरता नाहीसा झालेला आहे. जोडीला फ्युरोसेमाइडसारखे मूत्रल औषध असल्यास धोका वाढतो. कुटुंबात "इंजेक्शननंतर बहिरेपण आले" असा इतिहास असेल तर तो चिकित्सकास अवश्य कळवावा, कारण आईकडून येणाऱ्या एका जनुकीय दोषामुळे अल्प मात्राही घातक ठरू शकते.

२) पडद्याला छिद्र असलेल्या, वाहणाऱ्या कानात जेंटामायसिन वा निओमायसिनयुक्त थेंब चिठ्ठीशिवाय देऊ नयेत.

३) ॲस्पिरिनची मोठी मात्रा प्रेस्टिनच्या कार्यात अडथळा आणते. कानात नाद सुरू होतो व ऐकणे मंदावते. औषध थांबविल्यावर हा परिणाम बहुधा ओसरतो.

४) कुचला हा आपल्या विषयाशी निगडित आहे. त्यातील स्ट्रिकनीन हे द्रव्य अपवाही तंतूंचा अंतःकर्णावरील आवर रोखते, हे डेस्मेट व मोनाको यांनी १९६१ साली प्रयोगाने दाखविले. प्रयोगातील शुद्ध द्रव्याची मात्रा आणि विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी यांतील शोधित कुचल्याची मात्रा यांत मोठे अंतर आहे, म्हणून एकावरून दुसऱ्याचे अनुमान काढू नये. तथापि कुचला अनुसूची ई (१) मधील द्रव्य आहे व वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना कायद्याने आवश्यक आहे. कर्णनाद वा मोठ्या आवाजाची असहिष्णुता असलेल्या रुग्णास असे कल्प देताना या तक्रारी वाढतात काय, हे वैद्याने विचारावे आणि दुकानदाराने असे कल्प स्वतःहून देऊ नयेत.

चिकित्सकाचे कर्तव्य

सुश्रुताचार्यांनी अठ्ठावीस कर्णरोग सांगितले असून त्यांत कर्णनाद व बाधिर्य स्वतंत्रपणे मोजले आहेत. वाग्भटांनी उपेक्षित कर्णनादाचे पर्यवसान मोठ्यानेच ऐकू येणे, कष्टाने ऐकू येणे आणि क्रमाने बहिरेपण यांत होते, असा इशारा दिला आहे. उपेक्षा हा शब्द येथे कळीचा आहे. या दृष्टीने आम्ही पुढील क्रम सुचवितो.

प्रथम, प्रत्येक रुग्णास दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत : ऐकू येत नाही, की ऐकू येऊन समजत नाही? आणि व्यवसायात किंवा उत्सवात मोठा आवाज किती काळ सहन करावा लागतो?

दुसरे, कर्णपूरणापूर्वी पडदा पाहावा. दिनचर्येतील कर्णतैलाची महती निर्विवाद आहे, ती शाबूत कानासाठी. पडद्याला छिद्र असता किंवा कान वाहत असता तेल घालू नये.

तिसरे, ५१२ कंपनांचा नादकाटा प्रत्येक चिकित्सालयात असावा. एका कानाने कमी ऐकू येत असता काटा कपाळाच्या मध्यावर ठेवल्यास, ध्वनी दुखऱ्या कानाकडे गेला तर मार्गातील अडथळा संभवतो. चांगल्या कानाकडे गेला तर अंतःकर्ण वा तंत्रिकेचा दोष संभवतो.

चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे : एक-दोन दिवसांत एकाएकी आलेले एका कानाचे बहिरेपण ही तातडीची अवस्था आहे. पडदा स्वच्छ व नादकाटा चांगल्या कानाकडे जात असेल तर बिल्वतैल वा सारिवादी वटीवर आठवडे घालवू नयेत. स्टेरॉइड उपचाराचा लाभ पहिल्या काही दिवसांत अधिक असतो आणि दोन आठवड्यांनंतर तो फार घटतो. असा रुग्ण त्याच दिवशी अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वा जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागाकडे चिठ्ठी देऊन पाठवावा. आपली चिकित्सा नंतरही सुरू करता येते, गेलेले दिवस मात्र परत येत नाहीत.

पाचवे, नवजात बालकाच्या कानाची ध्वनिपरीक्षा स्वाभाविक आली तरी मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल, तर पालकांना स्वस्थ बसू देऊ नये. ती परीक्षा केवळ बाह्य केशपेशींचे कार्य दाखविते. तंत्रिकेचा दोष तिच्यातून निसटू शकतो. त्यासाठी मस्तिष्कस्तंभाची श्रवणपरीक्षा करावी लागते.

सहावे, गोंगाटात न समजणाऱ्या रुग्णास व कुटुंबास साधे उपाय सांगावेत : समोरासमोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे, बोलताना दूरदर्शन बंद ठेवावे, जिनिंग, मळणीयंत्र व ट्रॅक्टरवर काम करताना कर्णरक्षक वापरावेत. कापसाचे बोळे पुरेसे संरक्षण देत नाहीत. मोठ्या आवाजानंतर कानात शिट्टी वाजली तर ती सूचना समजून कानास पुढील काही दिवस विश्रांती द्यावी.

सारांश, श्रवण ही कानाची एकट्याची क्रिया नसून मेंदू तिच्यावर क्षणोक्षणी आवर ठेवून असतो. हा आवर गोंगाटात शब्द वेगळा काढतो आणि काही मर्यादेपर्यंत कानाचे रक्षण करतो. गणेशोत्सव, लग्नसराई आणि गाळप हंगाम यांच्या आधीच आपापल्या गावातील मंडळांशी, जिनिंगचालकांशी व मुकादमांशी दोन शब्द बोलणे, हेही चिकित्सेचेच अंग आहे. "ऐकू येते, पण समजत नाही" असे सांगणाऱ्या रुग्णास यापुढे कोणीही रिकाम्या हाताने परत पाठवू नये, एवढीच सर्व वैद्यबंधू-भगिनींस व औषधी दुकानदारांस आमची विनंती आहे.